धागा: अंजनेरीच्या बाजूच्या उतारावर लहान केबिनसाठी खांबांचा पाया कसा घ्यावा?

पायथ्याचे_रान

नमस्कार. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यापासून थोडे आत, अंजनेरीच्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्या वरच्या तुकड्यात १२ फूट × १६ फूट मापाची एक खोलीची केबिन बांधायचा विचार आहे. सांगाडा लोखंडी, छत पत्र्याचे, आणि जमीन व भिंती सिमेंट फायबर बोर्डाच्या असतील. पाण्याच्या नळीने पातळी घेतली असता १२ फुटांत २ फूट, म्हणजे १:६ असा उतार निघाला. केबिनची लांब बाजू उताराला आडवी ठेवायची आहे. खालच्या अंगाला जुना दगडी बांध असून तो सुमारे ४ फूट उंच आहे. बांधापलीकडचे दृश्य मोकळे असल्यामुळे खालची खांबांची रांग बांधापासून तीनेक फुटांवर घ्यावी, असे मनात आहे.

जमीन सपाट करण्यासाठी उतार कापायचा नाही, एवढे घरात ठरले आहे. सहा खांबांवर केबिन उभी राहावी आणि खालून पाणी व वारा वाहता राहावा, अशी इच्छा आहे. अमेरिकेतील लोकांचे काही व्हिडिओ पाहिले. त्यांत गोठणाऱ्या जमिनीच्या खोलीखाली पाया नेण्यावर फार भर असतो, तर काही जण जमिनीवर नुसते तयार काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर लाकडी तुळया टाकतात. यातले आपल्याकडे काय लागू होते, खोली किती घ्यावी आणि खांब उताराकडे कलू नयेत म्हणून काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.

सातपूर_बांधकाम

आपला विचार चांगला आहे, पण दुसरा पर्यायही मांडतो. या भागात बहुतेक लोक जेसीबीने वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला टाकतात, रोलर फिरवून भराव दाबतात आणि त्यावर नेहमीसारखे जोते बांधतात. गवंड्यांना ही पद्धत सवयीची आहे. उंच खांबांसाठी शटरिंग आणि पातळी दोन्ही काटेकोर लागतात, आणि रानात असे काम करणारी माणसे मिळणे अवघड जाते. भराव थरांनी टाकून नीट दाबला आणि एक पावसाळा बसू दिला, तर जोते टिकते.

स्थापत्य_सल्ला

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो. आधीच्या प्रतिसादातील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे: थरांनी टाकून, दाबून आणि एक पावसाळा थांबून. प्रत्यक्षात या तीनही अटी पाळल्या गेलेली कामे मला फार थोडी दिसली आहेत. कापून भरलेल्या जागेत जोत्याचा अर्धा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा भरावावर बसतो, त्यामुळे खचणे झालेच तर ते एका बाजूलाच होते. शिवाय वरच्या अंगाला उभा राहिलेला मातीचा कापलेला कडा पावसात सुटा होतो, त्याला राखण भिंत बांधावी लागते आणि त्या भिंतीमागे साठणाऱ्या पाण्यालाही वाट द्यावी लागते. एका खोलीच्या हलक्या केबिनसाठी हा खटाटोप अनाठायी आहे. उताराला हात न लावता खांबांवर जाण्याचा मूळ निर्णय मला योग्य वाटतो.

आता व्हिडिओंविषयी. थंड प्रदेशात जमिनीतील पाणी गोठून फुगते आणि उथळ पाया वर उचलते, म्हणून तिथे पाया गोठणाऱ्या थराखाली न्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यात निफाडला पारा कितीही उतरला आणि द्राक्षबागांना त्याचा त्रास झाला, तरी जमीन आतून गोठत नाही. त्यामुळे ते गणित इथे आणण्याचे कारण नाही. आपल्याकडे खोली ठरते ती तीन गोष्टींवर: घट्ट थर कुठे लागतो, ओलाव्याने फुगणारी-आकसणारी माती कुठपर्यंत आहे आणि उतारावरचे पाणी माती कुठपर्यंत धुऊन नेऊ शकते. जमिनीवर ठेवलेले सुटे ठोकळे या तिन्ही कसोट्यांवर नापास होतात. सपाट अंगणातल्या ओट्याला ते चालतील, पण उतारावर त्यांना आडवा आधार काहीच नसतो.

भारतीय मानक १९०४ (१९८६) नुसार पाया जमिनीखाली किमान ५० सेंमी असावा. उतारालगतच्या पायासाठी त्यात आणखी दोन अटी आहेत. फूटिंगच्या, म्हणजे खांबाखालच्या रुंद काँक्रीट बैठकीच्या, खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंतचे आडवे अंतर खडकात किमान ६० सेंमी आणि मातीत किमान ९० सेंमी असले पाहिजे. दुसरे असे की, त्या कडेपासून क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून खाली रेषा ओढली, तर ती मातीतून बाहेर पडता कामा नये. १:६ हा उतार साडेनऊ अंशांच्या आसपासचा आहे. एरवी या दोन्ही अटी आपल्याला सहज साधल्या असत्या, मात्र तुमच्या जागेत तो ४ फुटांचा दगडी बांध आहे. बांधापासून ३ फुटांवर उथळ फूटिंग घेतले, तर ३० अंशांची रेषा बांधाच्या तोंडातून बाहेर येईल आणि खांबाचा भार बांधाच्या दगडांवर जाईल. ते दगड भार घेण्यासाठी रचलेले नाहीत. म्हणून आधी चाचणी खड्डे घ्या, आणि ते खालच्या रांगेत अवश्य घ्या. तोवर केबिनची जागा पक्की करू नका.

काळी_जमीन

मी निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगांमध्ये हात जातो आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जमीन वर येते. अशा जमिनीत दोन-अडीच फुटांवर घेतलेले खांब दरवर्षी थोडे थोडे हलत राहतात. अंजनेरीकडची माती तांबूस आणि मुरमाड असते हे मला ठाऊक आहे, पण खोलगट जागी तिथेही काळी चिकट माती साठलेली असते. ती निघाली, तर काय करावे?

स्थापत्य_सल्ला

प्रश्न रास्त आहे. मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन मुक्त फुगवटा निर्देशांक, म्हणजे पाण्यात माती किती टक्के फुगते तो आकडा, काढून घ्यावा. ही चाचणी सोपी आणि स्वस्त आहे. निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर गेला, तर त्या मातीवर साधे फूटिंग ठेवू नये. थर पातळ असेल तर तो ओलांडून खालच्या मुरमापर्यंत जाणे हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. थर खोल असेल, तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल वापरतात. त्यांत भोकाच्या तळाशी खांबाच्या व्यासाच्या साधारण अडीचपट रुंद फुगीर भाग कोरून त्यात काँक्रीट भरतात, म्हणजे वरची माती फुगून खांबाला वर ओढू लागली तरी तळाचा फुगा त्याला धरून ठेवतो. हे पाइल ऋतूनुसार ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली न्यायचे असतात आणि सर्वसाधारणपणे साडेतीन मीटरपर्यंतची खोली त्यासाठी धरली जाते. उतारावरच्या मुरमाड जमिनीत बहुधा याची गरज पडणार नाही.

दख्खनचा_खडक

भूशास्त्राचा अभ्यासक या नात्याने दोन सूचना करतो.

हा सगळा प्रदेश बेसॉल्टचा आहे. बेसॉल्ट भेगांमधून कुजत जातो आणि मधला कठीण गाभा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या थरांत गोल होत सुटा पडतो. त्यामुळे खड्ड्यात काळा कठीण दगड लागला की कातळ आला असे समजून काम थांबवण्याची घाई करू नये. तो मुरमात अडकलेला एखादा सुटा धोंडाही असू शकतो. घणाचा घाव घातला की अखंड कातळ खणखणीत वाजतो, तर सुट्या धोंड्याचा आवाज बोदा येतो. अर्थात केवळ कानावर न विसंबता धोंड्याच्या चारही बाजू उकरून पाहाव्यात आणि त्याखाली पहार जाते का ते तपासावे. एक खांब धोंड्यावर आणि बाकीचे मुरमावर अशी वेळ आली, तर धोंडा फोडून काढावा किंवा त्याला वळसा घालून खाली जावे. खरा कातळ लागला आणि तो तिरका असला, तर त्यावर तसेच काँक्रीट ओतू नये. छिन्नीने किंवा ब्रेकरने सपाट पायरी करावी, कातळात भोके पाडून त्यांत सळया ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बसवाव्यात आणि त्या फूटिंगच्या जाळीत गुंतवाव्यात.

दुसरी सूचना बांधाविषयी आहे. डोंगरउतारावरचे जुने दगडी बांध वाहून येणारी माती अडवण्यासाठीच घातलेले असतात. त्यामुळे बांधाच्या वरच्या अंगाची माती ही मूळ जमीन नसून अनेक वर्षांत साचलेला गाळ असतो. वरून ती सपाट आणि सुपीक दिसते, म्हणून लोक घरासाठी नेमकी तीच जागा निवडतात. पायासाठी मात्र ती त्या तुकड्यातली सर्वांत कच्ची जागा असते.

याखेरीज खांबांचा विचार करण्याआधी संपूर्ण उतार स्थिर आहे की नाही हे पाहावे लागते. झाडांची खोडे बुंध्याशी वाकून मग सरळ झाली आहेत का, उताराला आडव्या भेगा आहेत का, कुंपणाचे खांब एकाच दिशेला कलले आहेत का, पावसाळ्यात नव्या ठिकाणी झरे फुटतात का, हे गावातल्या वयस्कर माणसांना विचारून घ्यावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. अशा वेळी संपूर्ण उतारच सरकतो आणि चार-पाच फूट खोल पाया त्याला कोणताही अटकाव करू शकत नाही. तुमचा १:६ उतार सौम्य आहे, परंतु त्याच्या वर तीव्र कडा किंवा ओढ्याचे मुख असेल, तर जागा बदलण्याचा विचार आत्ताच करावा.

पायथ्याचे_रान

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे खड्डे घेतले. वरच्या रांगेत सव्वा फूट तांबूस माती गेल्यावर घट्ट पिवळसर मुरूम लागला. खालच्या रांगेत, म्हणजे बांधापासून ३ फुटांवर, साडेपाच फुटांपर्यंत दगडगोटे मिसळलेली भुसभुशीत गडद माती होती आणि त्याखाली मुरूम आला. ‘दख्खनचा खडक’ यांनी गाळाविषयी जे लिहिले, ते तंतोतंत तसेच निघाले. त्यानंतर खालच्या रांगेच्या जागेपासून ८ फूट वर सरकून आणखी एक खड्डा घेतला. तिथे ३ फुटांवर मुरूम आहे. मधल्या एका खड्ड्यात काळा दगड लागला होता, पण बाजूने उकरल्यावर तो सुटा धोंडा ठरला आणि पहारेने हलला. वर कडा नाही, ओढा बऱ्याच अंतरावर आहे, आणि नवे झरे फुटल्याचे कोणाच्या आठवणीत नाही.

केबिन ८ फूट वर न्यावी, की आहे तिथेच ठेवून खालचे खांब खोल न्यावेत? दृश्याचा मोह आहे, पण तो सोडायची तयारी आहे.

स्थापत्य_सल्ला

केबिन वर न्यावी. कारण आकड्यांत मांडतो.

दोन रांगांची फूटिंग वेगवेगळ्या पातळीवर असतात, तेव्हा वरच्या फूटिंगचा भार खालच्याच्या बाजूच्या मातीवर येतो. मुरमासारख्या दाणेदार मातीत दोन्हींच्या जवळच्या खालच्या कडा जोडणारी रेषा २ आडवे : १ उभे यापेक्षा तीव्र नसावी, असे तेच मानक सांगते. तुमच्या रांगांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १२ फूट अंतर आहे आणि फूटिंग २ फूट × २ फूट धरले, तर कडेपासून कडेपर्यंत १० फूट उरतात. म्हणजे दोन तळांतील फरक ५ फुटांपेक्षा जास्त चालणार नाही. मूळ जागी वरचा तळ ३ फुटांवर आणि खालचा मुरमात एक फूट शिरून साडेसहा फुटांवर जाईल. उताराचे २ फूट मिळवून फरक साडेपाच फूट होतो, म्हणजे मर्यादा ओलांडली जाते. ८ फूट वर सरकल्यास खालचा तळ ४ फुटांवर येतो आणि फरक ३ फूटच राहतो. बांधाचा प्रश्नही त्याच वेळी सुटतो. वरची रांग आता जिथे येईल, तिथला मुरूमही खड्डा घेऊन पाहून ठेवा.

भाराचे गणित साधे आहे. केबिनचे स्वतःचे वजन पावणेचार टनांच्या आसपास येईल. राहत्या जागेसाठी प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन (सुमारे २०० किलो) वापरभार, म्हणजे माणसे व सामानाचा भार, धरतात, तो मिळवल्यावर एकूण भार सव्वासात-साडेसात टन होतो. सहा खांबांमध्ये प्रत्येक रांगेतील मधला खांब सर्वाधिक, म्हणजे १.८ टनांच्या आसपास भार घेतो. त्याचे व फूटिंगचे वजन धरूनही २ फूट × २ फूट क्षेत्रावर प्रति चौरस मीटर ८ टनांपेक्षा कमी दाब येतो. घट्ट मुरमासाठी १५ ते २५ टन सुरक्षित धरतात. तेव्हा केबिन खाली रुतण्याची भीती बाळगू नका.

खरी काळजी वाऱ्याची आणि आडव्या धक्क्याची घ्यायची आहे, आणि लहान केबिन बांधणारे बहुतेक जण नेमके इथेच दुर्लक्ष करतात. नाशिकसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. त्यापासून प्रति चौरस मीटर सुमारे ९३ किलो दाब निघतो. डोंगरउतारावर जागेच्या उंचीनुसार वेगाला १.३६ पर्यंत गुणक लावावा लागतो आणि दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे तो १७२ किलोपर्यंत जाऊ शकतो. बाहेर काढलेल्या पाख्यांसह तुमचे छत २३ चौरस मीटरचे होईल. त्यावरचा वर उचलणारा जोर या हिशेबाने २ ते ४ टनांचा होतो, म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीत केबिनच्या स्वतःच्या वजनाइतका. ९ फूट उंच आणि १६ फूट लांब भिंतीवर सव्वा ते सव्वादोन टनांचा आडवा रेटा येतो. सहा खांब, त्यांची फूटिंग आणि त्यांवर दाबलेली माती मिळून सहा टनांच्या आसपास वजन भरते, म्हणून पाया केबिनला धरून ठेवू शकतो. परंतु पत्र्यापासून फूटिंगपर्यंत प्रत्येक सांधा बोल्टने किंवा वेल्डिंगने अखंड जोडलेला असला, तरच त्या वजनाचा उपयोग होतो.

आता खांबांच्या उंचीकडे येतो. तुमचे वरचे खांब जमिनीपासून २ फूट आणि खालचे ४ फूट उंच असतील. खांबाचा ताठरपणा उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे निम्म्या उंचीचा खांब आठपट ताठ ठरतो. भूकंपाचा किंवा वाऱ्याचा आडवा धक्का बसला की आखूड खांब तो जवळजवळ सगळा स्वतःवर ओढून घेतात आणि उंच खांब नुसते सोबत हलतात. डोंगराळ भागात भूकंपानंतर वरच्या अंगाचे आखूड खांब तिरके चिरलेले आढळतात, ते याच कारणाने. भूकंपाविषयीच्या भारतीय मानक (आयएस) १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंप क्षेत्र ३ मध्ये आहे. म्हणून वरच्या तिन्ही खांबांना पूर्ण उंचीभर ७५ मिमी अंतरावर रिंगा (उभ्या सळयांभोवतीची लोखंडी कडी) घालाव्यात आणि खालच्या रांगेत लोखंडी कैच्या (तिरके आधार) बसवून तिला ताठरपणा द्यावा. सहाही खांब जमिनीच्या पातळीवर टाय बीमने एकमेकांना जोडावेत. उताराच्या दिशेचे बीम तिरके न घेता पायरी करून घेतले, तर शटरिंग सोपे जाते.

खांब १२ इंच चौरस ठेवल्यास ०.८ टक्के किमान लोखंड म्हणजे ७२० चौरस मिमी होते. चार १६ मिमी सळयांनी ८०४ मिळतात. १२ मिमीच्या चार सळया पुरणार नाहीत.

सातपूर_बांधकाम

आकडे वाचून भरावाचा आग्रह मी सोडतो. बांधामागे साडेपाच फूट गाळ असताना त्यावर आणखी भराव टाकणे बरोबर झाले नसते.

काम करताना लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी सांगतो. लाइनआउट (जमिनीवर आखणी) करताना उतारावर टेप जमिनीलगत धरला, तर माप चुकते. टेप आडवा, पाणसळीत धरून टोकाला ओळंबा सोडावा. १२ × १६ मापाचा फायदा असा की त्याचा कर्ण बरोबर २० फूट येतो. दोन्ही कर्ण २० फूट भरले की काटकोन साधला असे समजावे. खुणेच्या खुंट्या खोदाईच्या रेषेपासून तीन-चार फूट बाहेर ठोकाव्यात, नाहीतर खोदताना त्याच उखडतात.

खड्डा मुरमापर्यंत गेला की त्याच दिवशी चार इंच पीसीसी (सळया नसलेले साधे काँक्रीट) टाकावे. मुरूम उघडा राहिला आणि त्यावर एक वळवाची सर पडली, तर वरचा थर लोण्यासारखा होतो आणि तो खरवडून आणखी खाली जावे लागते. चुकून जास्त खोदले गेले, तर माती टाकून पातळी करू नये. तो भाग पीसीसीनेच भरावा. फूटिंगच्या जाळीखाली ५० मिमीचे कव्हर ब्लॉक (सळया तळापासून उचलून धरणारे ठोकळे) ठेवावेत, दगडाचे तुकडे ठेवू नयेत. रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळवून घ्यावेत. कामगार ते ९० अंशांत सोडून देतात, कारण तसे बांधायला सोपे जाते. त्यासाठी बांधणीच्या वेळी स्वतः उभे राहावे.

रानात मिक्सर न्यायची सोय नसते, तेव्हा हाताने माल कालवताना पाणी अंदाजाने वाढत जाते. तयार मापाची बादली ठरवून द्यावी. एम २० या प्रतीपेक्षा कमी ताकदीचे काँक्रीट आरसीसीला, म्हणजे सळया घातलेल्या कामाला, चालत नाही, आणि पाणी वाढले की ताकद तिथेच जाते.

पाणलोट_मित्र

पाण्याविषयी अजून कोणी सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. नाशिक शहरात वर्षाला सरासरी ७०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीत तो ३,००० मिमीच्या वर जातो. शहरातून पश्चिमेला सरकावे तसा पाऊस वाढतो आणि तुमची जागा त्याच वाटेवर आहे. एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी पडते. केबिनच्या वर दहा गुंठे उतार असेल, तर लाखभर लिटर पाणी तुमच्या खांबांच्या दिशेने निघते. ते जमिनीत मुरावे आणि माती वाहून जाऊ नये, यासाठी केबिनच्या वरच्या अंगाला समतल चर खोदावेत, असे सुचवतो. गावोगावच्या पाणलोट कामांतून आम्ही हेच करत आलो आहोत.

दख्खनचा_खडक

आपल्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. समतल चराचा उद्देश पाणी थांबवून जिरवणे हा असतो. शेतासाठी आणि विहिरींसाठी ते हितकारक आहे, पण पायाच्या लगेच वर जिरवलेले पाणी मुरमाच्या पृष्ठभागावरून सरकत थेट फूटिंगपाशी येते. माती आणि मुरूम यांच्या सांध्यात पाणी साठले की मातीचा थर सुटा होतो. केबिनच्या वर जो चर काढायचा, तो समतल नसावा. त्याला साधारण १:१०० असा हलका ढाळ द्यावा आणि पाणी केबिनला वळसा घालून नैसर्गिक उतारावर, दगड पसरलेल्या जागी सोडावे. जिरवण्याचे चर त्याच्या बाजूला किंवा केबिनच्या बऱ्याच खाली घेता येतील.

पाणलोट_मित्र

हा फरक योग्य आहे आणि मला तो मान्य आहे. बाकीच्या रानात समतल चर आणि केबिनच्या वर ढाळाचा चर अशी विभागणी करावी. ढाळाच्या चराच्या खालच्या काठावर वाळा लावावा. त्याची मुळे सरळ खाली खोल जातात आणि काठ धरून ठेवतात. छताच्या पाण्याला पन्हळ अवश्य लावावी. तसे न केल्यास पागोळ्यांचे पाणी दरवर्षी त्याच रेषेत पडून खालच्या रांगेपाशी घळ पाडते.

काळी_जमीन

खांबांच्या खड्ड्यांत परत माती भरताना ती काळी नसावी आणि सहा-सहा इंचांच्या थरांनी ठोकून भरावी. वर खांबाभोवती थोडा उंचवटा ठेवावा, म्हणजे पाणी खांबाच्या कडेने आत उतरत नाही.

पायथ्याचे_रान

केबिन ८ फूट वर घेण्याचे पक्के केले आहे. शेवटचे तीन प्रश्न विचारतो. काँक्रीटच्या खांबांऐवजी निलगिरीचे किंवा सागाचे खांब थेट जमिनीत पुरले, तर चालतील का? लोखंडी सांगाडा खांबावर कसा बसवावा? आणि एप्रिलमध्ये काम काढले, तर उन्हाचा त्रास होईल का?

स्थापत्य_सल्ला

लाकूड थेट जमिनीत पुरू नये. वाळवी आणि ओल-सुकीचा फेरा यांमुळे ते जमिनीच्या पातळीवरच कुजते, आणि आडव्या धक्क्याचा ताण त्याच ठिकाणी येतो.

सांगाड्यासाठी प्रत्येक खांबाच्या माथ्यावर चार अँकर बोल्ट काँक्रीट ओतण्यापूर्वीच बसवावेत. ते रिंगांच्या आत असावेत आणि त्यांची खालची टोके वाकवलेली असावीत. सहाही खांबांसाठी प्लायवूडचा एकच साचा करून बोल्टची भोके त्यावरूनच घ्यावीत, नाहीतर बेस प्लेट बसताना अडचण येते. खांबांचे माथे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणावेत. तरीही काही मिलिमीटरचा फरक राहतोच, म्हणून बोल्टवर प्लेटखाली एक आणि प्लेटवर एक असे दोन नट घेऊन पातळी साधावी आणि मधली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरून टाकावी. नुसती प्लेट ठेवून खाली लोखंडाचे तुकडे सारू नयेत. बोल्ट झिंकचा मुलामा दिलेले घ्यावेत.

एप्रिलमध्ये काम करण्यास हरकत नाही, किंबहुना जूनच्या आधी टाय बीम आणि ढाळाचा चर पूर्ण होणे आवश्यक आहे. काँक्रीट पहाटे किंवा सूर्य कलल्यावर ओतावे. आपल्याकडे मिळणारे बहुतेक सिमेंट पीपीसी (राख मिसळलेले) असते, त्यासाठी किमान १० दिवस पाणी मारावे लागते. खांबांना ओले गोणपाट गुंडाळून त्यावर प्लास्टिक बांधले, तर उन्हातही ओल टिकते. रानात पाण्याची टाकी काम सुरू होण्यापूर्वी पोहोचली पाहिजे. आणखी एक गोष्ट: गावनकाशा, झोन दाखला आणि शेतघराची परवानगी यांची कागदपत्रे आधी पूर्ण करा, आणि जागेची नोंद डोंगरउतार क्षेत्रात आहे का हे लेखी घ्या. वर दिलेली मापे तुमच्या वर्णनावरून काढलेली आहेत. खोदाई झाल्यावर स्थानिक संरचना अभियंत्याला खड्डे प्रत्यक्ष दाखवून त्याच्या सहीचा नकाशा घ्या, मगच लोखंड कापायला सांगा.

सातपूर_बांधकाम

लोखंड कापण्यावरून आठवले. खालच्या खांबांच्या सळया फूटिंगपासून माथ्यापर्यंत अखंड घ्याव्यात. लांबी ८ फुटांच्या आसपासच असल्यामुळे जोड देण्याची गरजच नाही, आणि जमिनीच्या पातळीवर जोड येणे तर टाळलेच पाहिजे. जाळीवर टेकण्यासाठी प्रत्येक सळईला खाली एक फुटाचा काटकोनी पाय ठेवा आणि कापण्याच्या मापात तो धरायला विसरू नका.